किल्ट आणि घोंगडी

पावसाळ्यांत खंडाळ्याचा घाट चढून गाडी लोणावळ्याकडे वळली, कीं कोठें कोठें अजूनही एक जुनें दृश्य दृष्टीस पडतें. उतरणीवर गुरें चरत असतात आणि त्यांच्यामागें एखादा मावळी गडी काठी टेकून उभा असतो. डोक्यावरून पाठीवर घोंगडीची खोळ, गुडघ्याच्या वर खोचलेलें धोतर, पाय उघडे. शहरांतील मनुष्यास हा वेष दारिद्र्याचा वाटतो. वास्तविक तो डोंगराचा वेष आहे. ओल्या गवतांतून आणि ओढ्यांतून दिवसभर चालणाऱ्यास पोटरीवर भिजलेलें कापड नको असतें. तें पायास चिकटतें आणि पाऊल ओढून धरतें. घोंगडी मात्र भिजली तरी ऊब सोडीत नाहीं, आणि रात्रीं तीच अंथरूण व तीच पांघरूण होते.

हजारों मैलांवर, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत, याच गरजेंतून किल्ट जन्मास आला. आरंभीं तो शिवलेला नव्हता. लोकरीचें एक लांबरुंद, चौकटीचें कापड जमिनीवर चुण्या घालून पसरावयाचें, त्यावर निजून कमरेस पट्टा आवळावयाचा आणि उरलेला पदर खांद्यावर टाकावयाचा. रात्रीं पट्टा सोडला कीं पांघरूण तयार. पुढें वरचा पदर निराळा झाला आणि कमरेखालचा भाग तेवढा राहिला. तोच आजचा किल्ट.

मेंढपाळाचें हें वस्त्र राजाच्या सैन्यांत मानाचा गणवेष कसें झालें, आणि मावळ्याच्या घोंगडीस तें भाग्य कां लाभलें नाहीं, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

१६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या लढाईंत डोंगरी टोळ्यांच्या बंडाचा मोड झाला. त्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा करून हायलँडमधील पुरुषांस किल्ट वापरण्याची बंदी केली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षें काळें पाणी, अशी शिक्षा होती. या कायद्यांतून एकच वर्ग वगळला होता, तो म्हणजे सरकारी सैन्यांतील शिपाई. कायदा १७८२ सालीं रद्द होईपर्यंत छत्तीस वर्षें डोंगरी मनुष्यास आपल्या बापजाद्यांचा वेष राजरोस करावयाचा असेल, तर पलटणींत नांव घालणें हाच मार्ग उरला. ज्या राजसत्तेनें वेष हिरावून घेतला, तिच्याच चाकरींत तो जतन झाला. किल्टच्या नियमांत जो कडवेपणा दिसतो, त्याच्या मुळाशीं हा इतिहास आहे.

ते नियम मोठे बारीक आहेत. एका लष्करी किल्टास सात ते आठ वार लोकरी कापड लागतें; नऊवारी लुगडें ज्या घरांत आहे, तेथें याचा अंदाज सहज येईल. आपल्या धोतराच्या निऱ्या पुढें असतात. किल्टाच्या चुण्या मागें असतात आणि पुढचा भाग सपाट असतो. पुढें दोन पदर एकावर एक येतात, आणि वरच्या पदराची कड उजव्या अंगास आलीच पाहिजे. त्या कडेशीं टांचणी लावतात, ती फक्त वरच्या पदरास. दोन्हीं पदर टोंचले तर कापड ओढलें जाऊन घडी वांकडी होते. कित्येक पलटणी चुण्या अशा घालतात, कीं कापडांतील एकच उभी रेघ प्रत्येक चुणीवर यावी. मग रांग चालूं लागली, कीं पाठीमागून पाहणारास तीच रेघ शेंकडों कमरांवर एकाच तालांत हेलावतांना दिसते.

लांबीची परीक्षा सोपी आहे. शिपायास ताठ गुडघे टेकून बसवितात. किल्टाची खालची कड जमिनीपासून सुमारें एक इंच वर राहिली पाहिजे. उभें राहिल्यावर ती गुडघ्याच्या वाटीवर येते. त्याहून खालीं आली तर परकर, वर गेली तर पोरखेळ. मोजा गुडघ्याखालीं सुमारें तीन बोटांवर दुमडावयाचा. किल्टास खिसा नसतो, म्हणून पुढें चामड्याची पिशवी लोंबते. तिला स्पॉरन म्हणतात. ब्लॅक वॉच पलटणीच्या स्पॉरनास पांच गोंडे, तर आरगाइल पलटणीच्या स्पॉरनास सहा. गोंडे मोजून माणसाची पलटण ओळखतां येते!

हा मान सर्वांस टिकवितां आला नाहीं. १८०९ सालीं, भरती सोपी व्हावी म्हणून, सहा हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेण्यांत आला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील चिखलानें चुण्या जड होत आणि त्यांत उवा होत. विषारी वायूपुढें तर उघडे पाय घातकच ठरले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं रणांगणावरील किल्ट बंद झाला. तेव्हांपासून तो समारंभाचा वेष आहे. २००६ सालीं जुन्या पलटणी एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड उभारली गेली, तिनेंही तो सोडला नाहीं.

या वेषाची आणि मावळची गांठ पूर्वींच पडलेली आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला करणारा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम स्कॉटिश होता. १८५७ च्या आरंभीं ७८ वी हायलँड पलटण पुण्याच्या छावणींतून इराणच्या मोहिमेवर निघाली. पुणें व खंडाळा यांमधील लोहमार्ग तेव्हां व्हावयाचा होता. मुंबईस जाण्याचा हमरस्ता कार्ल्यावरून, लोणावळ्यावरून हाच होता.

आतां मावळ्याकडे वळूं. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतील माणूस शिवकालीं लढला तो मुंडासें, कमरेचा शेला आणि गुडघ्याशीं संपणारा चोळणा अशा वेषांत. कंपनी सरकारच्या पहिल्या शिपायांसही लाल कोटाखालीं आंखूड जांग्याच असे. पुढें विजारी आल्या आणि गुडघे झांकले गेले. स्कॉटिश वेषासाठीं पार्लमेंटांत बोलणारे त्यांचे सरदार होते, लंडनांत त्यांची हायलँड सोसायटी होती. घोंगडीसाठीं रदबदली करणारा कोणी नव्हता, आणि ती ज्याची होती त्यास कोणी विचारलें नाहीं.

तरीही मराठा पलटणींनीं आपलें असें कांहीं राखलें. १७६८ पासूनची परंपरा सांगणारी मराठा लाइट इन्फंट्री आजही झपाझप पावलांनीं, मिनिटास १४० या गतीनें, संचलन करते; डोंगरी चालीस हें शोभून दिसतें. तिची एक पलटण 'काळी पांचवी' म्हणून ओळखली जाते, तें नांव कोटाच्या काळ्या पट्ट्यांवरून पडलें. आणि तिची रणगर्जना छत्रपति शिवाजी महाराजांच्या नांवाची आहे. मार्च १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरनच्या डोंगरांत मराठे लढले. तेथील एका कड्यास स्कॉटिश कॅमेरून पलटणीचें नांव पडलें आहे. दोन डोंगरी मुलुखांचीं माणसें तेथें एकाच खडकावर चढलीं. त्या दिवशीं एकाचें वस्त्र पेटींत होतें, दुसऱ्याचें घरीं खुंटीवर.

नियम लहान दिसतात. पण एक इंच कड आणि एक टांचणी सांभाळतां सांभाळतां एका लोकसमूहानें आपली ओळख सांभाळली. मावळच्या घोंगडीस कोणी नियम घातले नाहींत, म्हणून ती मानाच्या रांगेंत उभी राहिली नाहीं. पावसांत घाटावर ती दिसेल, तेव्हां शहरांतील प्रवाशानें एवढें तरी ध्यानांत धरावें, कीं तिच्या जोडीचें वस्त्र एका देशानें राजवाड्याच्या पहाऱ्यावर नेलें आहे.