वाढायला नकार देणारा विषाणू

हिपॅटायटिस सीच्या औषधाची गोष्ट बहुतेक जण गोळीपासून सुरू करतात. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला परवानगी मिळाली, एका गोळीची किंमत हजार डॉलर होती आणि त्यावरून मोठा वाद झाला. मला मात्र त्याच्या खूप आधीच्या, 1989 ते 1999 या दहा वर्षांकडे पाहावंसं वाटतं. त्या काळात हा विषाणू प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नव्हता.

रक्त चढवल्यानंतर काही रुग्णांना होणारी कावीळ ए प्रकारची नाही आणि बी प्रकारचीही नाही, हे 1975 मध्ये हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातून विषाणूच्या जनुकाचा तुकडा शोधून काढला. त्यातून रक्ततपासणी आली आणि रक्तपेढ्या सुरक्षित होऊ लागल्या. औषध मात्र दूरच राहिलं. औषध शोधायचं तर विषाणू पेशींत वाढताना समोर हवा, म्हणजे त्यावर हजारो रसायनं एकेक करून टाकून पाहता येतात. इथे विषाणूच्या आरएनएची सुमारे 9,600 अक्षरं वाचून झाली होती, पण तो आरएनए पेशीत सोडला की काहीच घडत नसे.

सेंट लुइसमध्ये चार्ल्स राइस यांच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर कोलिखालोव यांना या अपयशाचं एक कारण सापडलं. सगळे वापरत होते त्या प्रतीला शेवटचं टोकच नव्हतं. जेमतेम 98 अक्षरांचं ते टोक जपानमधल्या एका गटालाही स्वतंत्रपणे दिसलं होतं. टोक जोडलेला, चुका काढलेला आरएनए 1997 मध्ये चिंपांझीच्या यकृतात टोचला आणि संसर्ग झाला. पेशींच्या बशीत मात्र अजूनही शांतताच होती.

ती शांतता 1999 मध्ये जर्मनीतल्या माइन्झला मोडली. राल्फ बार्टेनश्लागर यांच्या प्रयोगशाळेत फोल्कर लोमान आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या कवचाची जनुकं काढून टाकली आणि त्या जागी एका विषाला निष्प्रभ करणारं जनुक बसवलं. हा आरएनए यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत सोडून वरून तेच विष घातलं. ज्या पेशीत विषाणूच्या प्रती निघत असतील तीच जगणार, बाकीच्या मरणार. लाखो पेशींतून मोजक्याच वसाहती उरल्या. इतक्या साध्या अटीवर इतका अवघड प्रश्न सोडवल्याची उदाहरणं विषाणूशास्त्रात फार नाहीत, असं माझं मत आहे. पुढच्याच वर्षी केरिल ब्लाइट, कोलिखालोव आणि राइस यांनी दाखवलं, की त्या वाचलेल्या प्रतींत लहानसे बदल झालेले असतात आणि एकाच बदलानं प्रती काढण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो.

अशा प्रयोगशाळांत पीएच.डी. झाल्यावर पोस्टडॉक म्हणून येणाऱ्यांच्या हाताला असंच काम लागतं. नेमणूक दोन-तीन वर्षांची असते. वर्षभर काही वाढलं नाही तर शोधनिबंध निघत नाही, आणि निबंध नसेल तर पुढची नोकरी अवघड होते. तरीही बशीत आज काही उगवलं का, हे रोज सकाळी त्यांनाच पाहायचं असतं. 2020 चं नोबेल ऑल्टर, हाउटन आणि राइस यांना मिळालं, ते योग्यच झालं. ज्यांच्या हातांनी ते प्रयोग झाले, त्यांची नावंही आपल्याला ठाऊक असायला हवीत.

कारण पुढचं सगळं त्या बशीतून आलं. डाक्लाटास्विर हे दुसरं औषध विषाणूच्या ज्या एनएस५ए प्रथिनाला पकडतं, ते प्रथिन कुठलीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाही. नुसत्या तर्कानं त्याच्यावर नेम धरणं कठीणच होतं. प्रती निघताना प्रत्यक्ष पाहता आल्या, म्हणून हे औषध सापडलं. सोफोसबुविर वेगळ्या वाटेनं जातं. यकृताच्या पेशीत शिरल्यावर ते आरएनएच्या अक्षराचं सोंग घेतं, विषाणूचं एन्झाइम त्याला साखळीत ओवतं आणि साखळी तिथेच थांबते. आधी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊनही या आजाराच्या सर्वांत चिवट प्रकारातले निम्मे रुग्णसुद्धा बरे होत नसत. आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात.

2014 मध्ये भारतीय कंपन्यांना सोफोसबुविर बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आपल्या रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी 2001 पर्यंत सक्तीची नव्हती आणि हा आजार वीस-वीस वर्षं काही लक्षण न दाखवता यकृत पोखरतो. ती सक्ती येण्याआधी तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला रक्त चढवलं असेल, तर जिल्हा रुग्णालयात जाऊन एकदा तपासणी करून घ्या.