मोसंबीच्या बागेतल्या फांद्या जाळायच्या की भुगा करायचा? छोटा चिपर घेताना काय पाहावं?

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. फळं उतरली की बागेत सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढण्याचं काम सुरू होतं. बांधावर ढीग लागतो आणि अनेकदा तो तिथेच पेटवला जातो.

याच फांद्यांचे बारीक तुकडे केले, तर झाडाखाली आच्छादन करता येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी जिल्ह्यातल्या अनेक बागा वाळल्या. अशा भागात जमिनीतली ओल टिकवणारं आच्छादन मोलाचं ठरतं.

कडबा कुट्टी चालेल का?

नाही. ती कडबा आणि हिरव्या चाऱ्यासाठी असते. चिपरमध्ये जड चाकावर किंवा ड्रमवर पाती बसवलेली असतात, ती लाकूड कापतात. श्रेडरमध्ये फिरणारे हातोडे पाला आणि बारीक काड्या ठेचतात. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात.

किती ताकदीचं यंत्र घ्यावं?

आधी बागेतल्या फांद्यांची जाडी मोजा. माहितीपत्रकात लिहिलेली जाडी बहुधा ओल्या, मऊ लाकडासाठी असते. वाळलेली मोसंबी किंवा बाभूळ त्याहून कठीण. त्यामुळे लिहिलेल्या जाडीच्या निम्मी धरून चाला. ६-७ एचपीच्या पेट्रोल यंत्राकडून रोज दोन इंचांपेक्षा जाड फांद्यांची अपेक्षा ठेवू नका. जाड लाकूड सरपणाला काढा. ट्रॅक्टरच्या पीटीओवरचा चिपर जास्त काम करतो, पण आपल्या ट्रॅक्टरचा एचपी त्याला पुरतो का, हे आधी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं काय?

यंत्राचं तोंड. फांदी टाकायची नळी इतकी लांब हवी, की हात पूर्ण आत घातला तरी पात्यापर्यंत पोहोचू नये. मळणी यंत्रात हात जाण्याच्या अपघातांनंतर देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. चिपरचा धोकाही तसाच आहे. आपत्कालीन बंद बटण हाताशी आहे ना, हेही पाहा.

चालवताना काय काळजी घ्यावी?

- उपरणं, पदर, ओढणी, सैल बाह्या, कडं नको. चष्मा आणि कानाला संरक्षण हवं.
- फांदीचं जाड टोक आधी आत घाला आणि बाजूला उभे राहा. आखूड तुकडे हाताने नव्हे, लाकडी काठीने ढकला.
- फांद्यांत तार, खिळे, ठिबकच्या नळ्या अडकल्या नाहीत ना, ते पाहा.
- अडकलेलं काढण्याआधी इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या आणि स्पार्क प्लगची वायर काढा. इंजिन बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात.
- तुकड्यांऐवजी चोथा निघू लागला, तर पातीला धार लावायची वेळ झाली.

भुगा कुठे टाकायचा?

झाडाखाली ३-४ इंचांचा थर द्या, पण खोडापासून वीतभर लांब ठेवा. खोडाला चिकटलेल्या ओल्या थराने बुरशी आणि वाळवीला वाव मिळतो. ताजा भुगा मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र वापरतात आणि झाडाला ते कमी पडतं. डिंक्या झालेल्या झाडाच्या फांद्या मात्र चिपरमध्ये घालू नका, त्या बागेबाहेर नेऊन नष्ट करा.

विकत घ्यावं की भाड्याने?

सल काढण्याचं काम वर्षातून थोडेच दिवस चालतं. दोन-तीन एकरांच्या बागेला अवजारे बँकेतून भाड्याने आणणं किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून घेणं परवडतं. अनुदान हवं असेल, तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नका. आणि पैसे देण्याआधी आपल्याच बागेतली वाळलेली फांदी नेऊन यंत्रात घालून पाहा.