शेजारी वही ठेवून खेळताना

स्टीमवर सेल लागला की गेम स्वस्तात घेऊन ठेवायचे आणि मग उघडायचेच नाहीत, ही सवय फार जणांना असते. माझाही बॅकलॉग असाच वाढला. तो उपसण्यासाठी मी एकच नियम पाळतो: ज्या गेमवर लिहायचं तोच सुरू करायचा, आणि लेख पुरा होईपर्यंत दुसरा डाउनलोड करायचा नाही.

कीबोर्डशेजारी वही असते. कथानक तिच्यात येत नाही. मी काय केलं तेवढं लिहितो: कुठे थांबलो, नकाशा कधी उघडला, कोणत्या दाराशी घाबरून मागे फिरलो. या नोंदींतूनच गेम आपल्याला कसा वागायला लावतो ते कळतं, आणि ते सांगता आलं तरच तो गेम मी संपला असं मानतो. शेवटची श्रेयनामावली दिसणं मला पुरेसं वाटत नाही.

लुकस पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये (2018) तर नोंदवही हाच खेळ आहे. साल 1807. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज इंग्लंडच्या फालमथ बंदरापाशी येऊन लागतं, आणि आपण कंपनीचे निरीक्षक. मृतदेहापाशी घड्याळ उघडलं की मरणाआधीचे आवाज ऐकू येतात, मग तो क्षण गोठलेला दिसतो. एवढ्यावरून 60 जणांची नावं आणि प्रत्येकाचं काय झालं ते ठरवायचं. तीन जणांच्या नोंदी अचूक जमल्यावरच गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे अंदाजपंचे काम भागत नाही. चित्रं फक्त दोन रंगांत, म्हणून डोळे ताणून पाहावं लागतं. झुलत्या बिछान्यांवरचे आकडे खलाशांच्या यादीतल्या क्रमांकांशी जुळतात हे लक्षात आलं, तेव्हा वहीची पानं भराभर भरली. यादीत भारतीय खलाशीही आहेत. कंपनीच्या जहाजांवर राबलेल्या माणसाला नावानिशी ओळखल्याशिवाय या गेमची नोंदवही पुरी होत नाही, हे मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (2019) दर 22 मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सोबत उरतं ते फक्त कळलेलं. त्यावरचा लेख एका बैठकीत झाला.

सध्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (2020) चालू आहे. भावाला शोधत निघालेली मुलगी भित्तिचित्रांपाशी थांबते, तिथे दुर्गेच्या, विष्णूच्या कथा ऐकू येतात. मला त्या भिंती लढायांपेक्षा कितीतरी सरस वाटतात. पण लढाया का कमी पडतात हे अजून नेमकं लिहिता आलेलं नाही. तो परिच्छेद कोरा ठेवून पहिली लढाई पुन्हा खेळतो आहे, या वेळी प्रत्येक वार टिपत.