जपानी मुलांची आवडती गाणी

दुपारची घंटा झाली आहे. जपानमधील एका प्राथमिक शाळेत पांढरे कपडे चढवून आणि डोक्याला पांढऱ्या टोप्या घालून काही मुले जेवणाची भांडी आपल्या वर्गात घेऊन येत आहेत. तेथे वाढपी नसतात. पाळीपाळीने मुलेच सर्वांना वाढतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर वर्गातच जेवावयास बसतात. इतक्यात भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून आवाज येतो. तो मुख्याध्यापकांचा नव्हे. पाचवीसहावीतल्याच एखाद्या मुलीचा असतो. पुष्कळ शाळांत वरच्या वर्गांतील मुलांचे एक मंडळ असते व हे काम त्या मंडळाकडे सोपवलेले असते. आज जेवणात काय आहे ते ती मुलगी सांगते आणि मग एक गाणे लागते. कोणते गाणे लावावे, हे बहुधा मुलांनीच चिठ्ठ्या लिहून कळवलेले असते.

आता ही गाणी कोणती असतील? पाठ्यपुस्तकातली तर खास नव्हेत! ती चित्रपटांतली असतात, दूरचित्रवाणीवरच्या चित्रमालिकांतली असतात, थोरामोठ्यांच्याही ओठांवर असलेली लोकप्रिय गाणी असतात.

पूर्वी मात्र असे नव्हते. जपानी शाळेत गाणे आले ते सरकारच्या हुकुमाने. इ. स. १८७२ मध्ये तेथे नवे शिक्षण सुरू झाले, तेव्हा विषयांच्या यादीत गायनही होते. परंतु त्याच्यापुढे 'तूर्त वगळावे' अशा अर्थाची टीप होती. विषय ठरला, पण तो शिकवणार कोण? पुढे इसावा शूजी नावाचे शिक्षणतज्ज्ञ अमेरिकेत जाऊन शिकून आले आणि त्यांच्या देखरेखीखाली शाळेसाठी गीतांचे पहिले पुस्तक तयार झाले. त्यातील कित्येक चाली पाश्चात्त्य होत्या. स्कॉटलंडमधील एका जुन्या गाण्याच्या चालीवर रचलेले जपानी निरोपगीत तर शाळा सोडून जाणाऱ्या मुलांच्या समारंभात आजही ऐकू येते. ही शाळागीते उपदेशाने भरलेली आहेत, त्यांत मुलांचे मन नाही, अशी तक्रार पुढे साहित्यिकच करू लागले. १९१८ साली सुझुकी मिएकिची यांनी 'तांबडा पक्षी' या अर्थाच्या नावाचे एक मासिक काढले व चांगल्या चांगल्या कवींकडून मुलांसाठी गाणी लिहवून घेतली. ती गाणी खरोखरीच सुंदर आहेत. तरीसुद्धा मुलांना काय आवडावे, हे ठरवणारे मोठेच होते.

मुले स्वतः निवडू लागली की काय होते, हे १९७५ च्या डिसेंबरात जपानने पाहिले. त्या वर्षी लहान मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातील एक गाणे ध्वनिमुद्रिकेवर निघाले. ते होते एका ताइयाकीचे गाणे.

ताइयाकी म्हणजे काय? 'ताई' हा समुद्रातील एक मासा. जपानात तो शुभ मानतात आणि मंगलकार्याच्या जेवणात त्याला मान असतो. 'याकी' म्हणजे भाजलेले. पण गंमत अशी की, ताइयाकीत मासा मुळीच नसतो! माशाच्या आकाराच्या लोखंडी साच्यात कालवलेले पीठ ओततात, त्यात आझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड पुरण घालतात आणि साचा मिटून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात. थंडीच्या दिवसांत असा गरम गरम मासा हातात घेऊन खाणे ही जपानी मुलांची मोठी चैन.

गाण्यातला मासा हा असाच एक खाऊचा मासा. रोज रोज तापल्या लोखंडावर भाजून घेऊन तो कंटाळतो. एके दिवशी दुकानदारकाकांशी त्याचे भांडण होते आणि तो पळून जाऊन समुद्रात उडी घेतो. पोटातले पुरण जड लागते खरे. पण समुद्र केवढा मोठा, केवढा मोकळा! तो हवा तसा पोहतो. शार्क मासा छळू लागला की निसटतो. परंतु दिवसभर पोहून त्याला भूक लागते. तो काहीतरी तोंडात घेतो आणि गळ त्याच्या घशात रुततो. एक अनोळखी माणूस त्याला वर ओढतो. आपण कितीही पोहलो तरी शेवटी ताइयाकीच, हे तेव्हा त्याला उमगते. तो माणूस मिटक्या मारीत त्याला खाऊन टाकतो आणि गाणे संपते.

मुलांच्या गाण्याचा हा कसला शेवट! एखाद्या सावध संपादकाने त्या माशाला नक्कीच वाचवले असते. जपानी मुलांनी मात्र हे गाणे आहे तसे उचलून धरले. थोड्याच अवधीत त्याच्या लक्षावधी मुद्रिका खपल्या. एकूण खप ४५ लाखांच्याही वर गेला. एका गाण्याच्या मुद्रिकेचा एवढा खप जपानात त्याच्या आधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. मुलांच्या मागोमाग त्यांचे वडीलही ते गुणगुणू लागले. रोज तेच काम, तीच कचेरी; त्या माशात त्यांना आपणच दिसलो असे म्हणतात.

या गाण्यामागची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते गायिले मासातो शिमोन यांनी. त्यांना गाण्याबद्दल एकदाच ठरलेले ५०,००० येन मिळाले. खपाप्रमाणे वाटा मिळण्याचा करार नव्हता. गाणे इतके गाजल्यावर कंपनीने त्यांना दहा लाख येन व एक गिटार बक्षीस म्हणून दिली. मुद्रिका विकून कंपनीने जे मिळवले, त्याच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती, हे कोणीही सांगेल.

त्याच मुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूला एक मोजणीचे गाणे होते. त्यातील युक्ती मोठी मजेची आहे. जपानीत दोनला 'नि', तीनला 'सान' आणि चारला 'यो' म्हणतात. गाजराला म्हणतात 'निन्जिन'. म्हणजे गाजर एकच असले तरी त्याच्या नावात 'नि', अर्थात दोन, आहेतच! तसेच दोन जोड सँडलच्या नावात 'सान' आहे आणि तीन योत्तोंत, म्हणजे शिडाच्या होड्यांत, 'यो' आहे. अशा रीतीने गाणे पुढे पुढे सरकते. मराठीतही हा खेळ खेळता येईल. चारोळीत चार, पाचोळ्यात पाच आणि साताऱ्यात सात दडले आहेत. बाकीचे तुम्ही शोधून काढा.

अर्थ अजिबात नसला तरी मुलांचे अडत नाही. १९९० मध्ये तिसरीतल्या एका खट्याळ मुलीच्या चित्रमालिकेचे, 'चिबी मारुको-चान'चे, शेवटी वाजणारे गाणे निघाले. ते मालिकेच्या लेखिकेने, साकुरा मोमोको यांनीच लिहिले होते. त्याच्या नावातील 'पोम्पोकोरिन' या शब्दाला काहीच अर्थ नाही. पण त्या वर्षी जपानात सर्वांत अधिक खपलेली मुद्रिका तीच!

१९९९ साली पुन्हा एकदा खाऊची पाळी आली. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. ते बांबूच्या काडीत ओवून खातात. एका काडीवरचे तीन दांगो हे तीन भाऊ, अशी त्या गाण्याची कल्पना. थोरल्याला धाकट्यांची काळजी, धाकट्याला थोरल्याची माया, आणि मधला मात्र स्वतःवरच खूश. ज्यांच्या घरी भावंडे आहेत त्यांना याहून अधिक सांगावयास नको! चाल आहे टांगो नावाच्या नाचाची, कारण दांगो आणि टांगो ही नावे सारखी. हे गाणे होते अगदी लहानग्यांच्या कार्यक्रमातले, पण ते सगळ्या वयांच्या मुलांत पसरले, त्याच्या सुमारे २९ लाख मुद्रिका खपल्या आणि दांगोच्या दुकानांपुढे गर्दी लोटली.

अलीकडचे उदाहरण 'पापुरिका'चे. रंगीत ढोबळी मिरचीला जपानीत हे नाव आहे. टोकियोत व्हावयाच्या २०२० च्या ऑलिंपिकसाठी लोकांना उत्साह यावा म्हणून योनेझु केन्शी या प्रसिद्ध गायकाने हे गाणे २०१८ साली रचले, आणि ते गाऊन नाचली शाळेत जाणारी पाच मुले. २०१९ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्या मुलांनी मिळवला. शाळाशाळांच्या क्रीडादिनी मुले मैदानावर त्या गाण्याचा नाच करू लागली. ऑलिंपिक मात्र साथीच्या रोगामुळे पुढे ढकलले गेले व २०२१ साली झाले.

त्यानंतर चित्रमालिकांच्या गाण्यांचा जोर वाढला. 'योआसोबी' या जोडीचे २०२३ मधील 'आयडॉल' हे गाणे इतके वेगाने म्हणावयाचे आहे की, मोठ्यांची जीभ अडखळते. त्यात एका गायिकेच्या हसऱ्या मुखवट्याआड लपलेले खोटेपण आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते सगळे समजते काय? सगळे नसेल समजत. पण ताइयाकीचे दुःख तरी त्याला कोणी समजावून दिले होते?

इकडे वर्गात जेवण आटोपत आले आहे. ध्वनिक्षेपकातील मुलगी निरोप घेते, आणि गाणे अर्ध्यावरच थांबते. मुले भांडी परत नेऊन ठेवतात, फडकी हाती घेतात आणि आपापल्या वर्गाची जमीन पुसू लागतात. कारण शाळा झाडणे-पुसणे हेही तेथे मुलांचेच काम आहे. फडके फरशीवरून सरकत असते, आणि मघाचे अर्धे राहिलेले गाणे कोणीतरी हळूच पुरे करीत असते.