नावेबरोबर येणारे अनाहूत पाहुणे

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे जसे अरण्यांचे, तसेच तलावांचेही आहेत. जुन्या मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांना तेथे ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांच्या पाण्यावर धान पिकते आणि ढिवरांचा मासेमारीचा व्यवसाय चालतो. अशा शांत पाण्यात कधी कधी एक सुंदर शत्रू शिरतो. त्याचे नाव जलपर्णी.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसाने तिला देशोदेशी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. अनुकूल पाण्यात तिची रोपे सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होतात. चंद्रपूरच्या रामाळा तलावावर तिने वारंवार आच्छादन घातले आहे. तेथे तिला ‘इकॉर्निया’ असेही म्हणतात. सांडपाणी हे तिचे खत होय. तिने पाणी झाकले, की सूर्यप्रकाश आत पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

जलपर्णीला पाय नाहीत. मग ती एका तलावातून दुसऱ्यात कशी जाते? पुराबरोबर ती जाते, हे खरे. परंतु पुष्कळदा माणूसच तिला नेतो. जाळ्यात गुंतलेले रोप किंवा सहलीच्या नावेला अडकलेला देठ तेवढ्यासाठी पुरेसा असतो.

समुद्रातही असेच घडते. मध्य अमेरिकेकडील एक काळसर शिंपला चिवट तंतूंनी नौकांच्या बुडाला चिकटतो व दूरदूरच्या बंदरांत पोहोचतो. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे क्रीडानौकांच्या गोदीत पाणबुड्यांना तो आढळला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तेथे त्याचा मागमूसही नव्हता! एखाद्या क्रीडानौकेनेच त्याला आणले असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. गोद्यांचे दरवाजे तत्काळ बंद करण्यात आले. पाण्यात क्लोरीन व मोरचूद मिसळून सुमारे महिन्याभरात त्या शिंपल्याचा नायनाट झाला. मात्र त्याबरोबर गोदीतील इतर जीवांचाही बळी गेला. मुंबई व विशाखापट्टणम येथील बंदरांतही हाच शिंपला पूर्वीच शिरलेला आहे. उघड्या बंदराला दरवाजा कोठून लावणार?

तलावालाही दरवाजा नसतो. म्हणून पाहुणा येण्यापूर्वीच सावध राहणे श्रेयस्कर. नाव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेताना तीन गोष्टी कराव्यात: तिला चिकटलेली वनस्पती व चिखल काढावा, आत साचलेले पाणी तेथेच ओतून द्यावे आणि नाव उन्हात चांगली वाळवावी. जाळ्यांनाही हाच नियम लागू आहे. या कामास पैसा लागत नाही. थोडा वेळ लागतो. तो वेळ वाचविला, तर पुढे साऱ्या गावाला वर्षानुवर्षे जलपर्णी उपसावी लागते.