फोटोच्या पोटातली चिठ्ठी

ठाणे पूर्वेला कोपरीतून मीठबंदर रस्त्याने खाडीकडे चालत गेले की इमारती विरळ होतात आणि तिवरे सुरू होतात. त्यापलीकडे ठाण्याची खाडी. थंडी पडली की या खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत मुक्काम ठोकतात. २०१५मध्ये खाडीच्या ऐरोली ते वाशी या पट्ट्याला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२मध्ये खाडीचे नाव रामसर पाणथळींच्या यादीत गेले. ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी हौशी छायाचित्रकारांचा हिवाळ्यातला रविवार आता खाडीवरच उजाडतो. मधल्या किमतीचा कॅमेराही सेकंदाला दहा फोटो काढतो. थवा उडाला की बटणावरची तर्जनी उचलवत नाही. दोन तासांत दीड हजार फोटो सहज होतात.

संध्याकाळी ते संगणकात ओतले जातात. कुठे? तर ‘फ्लेमिंगो’ नावाच्या फोल्डरात. तो आधीच असला तर ‘फ्लेमिंगो नवीन’, आणि पुढच्या रविवारी ‘फ्लेमिंगो नवीन फायनल’. त्याच डिस्कवर शेजारी भाच्याचे बारसे असते, सात वर्षांचे गणपती असतात, घरातल्या तीन फोनांमधून उतरवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे ढिगारे असतात आणि ‘डी ड्राइव्ह जुना’ असा एक फोल्डर असतो, जो उघडायचे धाडस कुणी करत नाही.

हा पसारा आवरणारे प्रोग्रॅम आहेत आणि ते आजकालचे नाहीत. एसीडीसी १९९४ पासून आहे, इरफानव्ह्यू १९९६ पासून. रेंची राजू यांनी २००१मध्ये सुरू केलेला डिजिकॅम मुक्त प्रणालीतला आणि पूर्ण फुकट आहे. अ‍ॅडोबीचा लाइटरूम २००७मध्ये आला. व्यावसायिक मंडळी त्याच्यावर जीव टाकतात, पण त्याला पैसे पडतात. तरी बहुतेक घरांत फोटो अजूनही डबल-क्लिक करून एकेक बघितले जातात.

हे प्रोग्रॅम पहिल्याच भेटीत चकित करतात ते वेगाने. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. पूर्ण उलगडला की तो संगणकाच्या स्मृतीत ७२ मेगाबाइट जागा घेतो. रविवारचे दीड हजार फोटो असे उलगडायचे तर १०८ गिगाबाइट लागतील. घरच्या संगणकात एवढी स्मृती नसते. तरीही पडद्यावर चिमुकली चित्रे भराभर उमटत जातात. याचे रहस्य १९९२मध्ये प्रमाण ठरलेल्या जेपेग पद्धतीत आहे. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनासाठी ६४ आकडे साठवते. त्यातला पहिला आकडा म्हणजे त्या चौकोनाची सरासरी. प्रोग्रॅमने फक्त हा पहिला आकडा उचलला तर उरलेल्या ६३ आकड्यांचे गणित करावेच लागत नाही आणि ७५० गुणिले ५०० ठिपक्यांचे छोटे चित्र आयते हाती येते. शिवाय बहुतेक कॅमेरे फाइलमध्येच १६० गुणिले १२० ठिपक्यांची एक बाळप्रत ठेवून देतात. एकदा काढलेली ही छोटी चित्रे प्रोग्रॅम आपल्या डेटाबेसमध्ये जपतो, त्यामुळे पुढच्या वेळी तर काही क्षणांतच सगळा हिवाळा समोर मांडला जातो.

पण वेग ही वरवरची गोष्ट. खरी मौज फोटोच्या पोटात असते. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक चिठ्ठीही असते. जपानी कॅमेरा उद्योगाने १९९५मध्ये तिचा नमुना ठरवला, त्याला एक्झिफ म्हणतात. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला, भिंगाचे छिद्र केवढे होते, शटर किती वेळ उघडे राहिले, कॅमेरा आडवा होता की उभा, आणि मुख्य म्हणजे तारीख-वेळ, हे सगळे तिच्यात असते. फोनने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांशही येतात. कोपरीचे साधारण १९ अंश ११ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५८ मिनिटे पूर्व. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर जेमतेम ३१ मीटर, तेव्हा फोटो कोणत्या सोसायटीत काढला एवढे सहज कळते. नवी मुंबईत वाशीजवळही एक कोपरी आहे आणि डोंबिवलीला लागून कोपर. नावावरून घोटाळा होतो, आकड्यांवरून होत नाही. खाडीवरच्या मंडळींना या चिठ्ठीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक पक्ष्यांच्या पायांत कड्या घालतात. अशी कडी फोटोत वाचता आली आणि फोटोची तारीख व जागा खरी असली, तर तो फोटो विज्ञानाच्या कामाची नोंद होतो. तारीख चुकली तर तो नुसता सुंदर फोटो.

आणि तारखा चुकतात. कॅमेऱ्याची बॅटरी महिनोन्महिने काढून ठेवली की आतले घड्याळ शून्यावर जाते आणि मग भर एप्रिलमधले रोहित एक जानेवारीला, तेही भलत्याच सालात, उडताना दिसतात. सकाळ-संध्याकाळची गल्लत तर नेहमीची: सूर्योदयाचा फोटो, वेळ संध्याकाळी सातची. परदेशात गेलेल्या कॅमेऱ्याचे वेगळेच. एक्झिफमध्ये कालविभाग नोंदवायची सोयच नव्हती, ती थेट २०१६च्या आवृत्तीत आली. त्यामुळे न्यू जर्सीहून आलेल्या मुलीच्या कॅमेऱ्यातले लग्न आणि इथल्या मामाच्या कॅमेऱ्यातले लग्न एकत्र लावले की अक्षता आधी पडतात आणि मुंडावळ्या नंतर बांधल्या जातात. उपाय सोपा आहे. त्या कॅमेऱ्याने फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा, फरक मोजायचा आणि तेवढा फरक सगळ्या फोटोंच्या तारखांत एकदम मिळवायचा. डिजिकॅममध्ये ही सोय आहे, आणि कॅनडातल्या फिल हार्वी यांचे एक्झिफटूल हे फुकट साधन हेच काम एका ओळीत करते.

व्हॉट्सअ‍ॅप मात्र ही चिठ्ठीच फाडून टाकते. फोटो पाठवताना ते त्याचा आकार लहान करते आणि एक्झिफ काढून घेते. उरते फक्त फाइलचे नाव. त्यात २०१८०९१३ असे आकडे दिसले तर १३ सप्टेंबर २०१८, म्हणजे त्या वर्षीची गणेश चतुर्थी, हे ओळखता येते. पण ती फोटो आल्याची तारीख, काढल्याची नव्हे. काकांनी पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो त्या दिवशी पाठवला असेल तर तोही त्याच दिवसात जाऊन बसतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर चिठ्ठी शाबूत राहते, एवढे एक जरी घरच्या ग्रुपवर रुजले तरी पुष्कळ.

कॅमेऱ्याने लिहिलेली चिठ्ठी ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी माणसाने लिहायची असते: कोण, कुठे, कशासाठी. इथेच पिकासाची कहाणी आठवते. लाइफस्केप या कंपनीचा हा प्रोग्रॅम गुगलने २००४मध्ये विकत घेतला आणि फुकट वाटला. बघता बघता तो फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे आणि घराघरांतल्या संगणकांवर दिसू लागला. २००९मध्ये त्यात चेहरे ओळखायची सोय आली. लोकांनी हौसेने हजारो चेहऱ्यांना नावे दिली, फोटोंना तारे दिले, ‘आईची पंच्याहत्तरी’ असे अल्बम लावले. फेब्रुवारी २०१६मध्ये गुगलने प्रोग्रॅम बंद करत असल्याचे जाहीर केले आणि १५ मार्चला त्याचा पाठिंबा थांबवला.

फोटो कुणाचेही गेले नाहीत. गेली ती मांडणी. फोटोखाली लिहिलेली ओळ आणि शोधशब्द पिकासा जेपेग फाइलच्या आतच लिहीत असे, त्यामुळे ते आजही कोणत्याही प्रोग्रॅममध्ये दिसतात. तारे मात्र प्रत्येक फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलमध्ये होते आणि अल्बमचा हिशेब पिकासाच्या स्वतःच्या वहीत. नवा संगणक घेताना कुणी फक्त फोटो उचलले, लपलेल्या फाइल आणि ती वही मागे राहिली, आणि पंच्याहत्तरीचा अल्बम विस्कटला. अ‍ॅपलचे आयफोटो आणि अपर्चर यांचीही गत तीच झाली. प्रोग्रॅम हा भाडेकरू आहे, कधी ना कधी घर सोडणारच. म्हणून कोणता प्रोग्रॅम चांगला यापेक्षा तो आपले लिखाण कुठे ठेवतो हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. डिजिकॅममध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘फोटोतच लिही’ असे सांगता येते. लाइटरूम सगळे आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतो, पण फाइलमध्ये लिहायचा पर्याय त्यातही आहे. तो चालू करणारे थोडेच.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक खाचखळगा आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. फोटोत शब्द लिहायची जुनी पद्धत वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेची, १९९०च्या दशकातली. तिच्यात शहराच्या रकान्याला ३२ बाइट आणि शोधशब्दाला ६४ बाइट अशी मर्यादा आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून ३२ अक्षरे पुरतात. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीला मात्र दर चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. ‘कोपरी’ पाच चिन्हांचे, पंधरा बाइटांत बसते. शेजारच्या ‘चेंदणी कोळीवाडा’ला मधली जागा धरून ४३ बाइट लागतात. नियम काटेकोर पाळणारा प्रोग्रॅम ते ‘चेंदणी कोळी’वर छाटतो आणि वाडा रकान्याबाहेर राहतो. यावरचा उतारा म्हणजे अ‍ॅडोबीने २००१मध्ये आणलेली आणि २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली एक्सएमपी पद्धत. तिच्यात अशी मर्यादा नाही आणि देवनागरीचे वावडेही नाही. आजचे बरेच प्रोग्रॅम दोन्हीकडे लिहितात, तेव्हा वाचताना एक्सएमपी आधी वाचायला सांगावे.

चेहऱ्यांचे काम आता यंत्र बरेच उरकते. गुगलच्या संशोधकांनी २०१५मध्ये मांडलेल्या फेसनेट पद्धतीत प्रत्येक चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. दोन चेहऱ्यांचे आकडे जवळजवळचे असले तर माणूस तोच. डिजिकॅमनेही २०२०पासून अशाच धाटणीची पद्धत घेतली आणि ती घरच्या संगणकावरच चालते, फोटो बाहेर कुठे पाठवावे लागत नाहीत. पण यंत्र फक्त गठ्ठे लावते. गठ्ठ्यावरचे नाव माणसालाच सांगावे लागते. कोपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. अशा घरांत सिंधमधून आलेला एखादा फोटो असतो आणि त्याच्या पाठीवर अरबी लिपीतल्या सिंधीत दोन ओळी असतात, ज्या नातवंडांना वाचता येत नाहीत. असा फोटो स्कॅन करताना पाठही स्कॅन करावी, आणि वाचणारे माणूस घरात आहे तोवर त्या ओळी चिठ्ठीत उतरवून घ्याव्यात.

स्कॅनच्या तारखेचाही घोळ असतो. ठाण्याच्या खाडीवरच्या रेल्वे पुलाचा १८५५चा एक प्रसिद्ध फोटो आहे. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, त्यानंतर दोनच वर्षांनी काढलेला. तो आज कुणी स्कॅन केला तर यंत्र आजची तारीख टाकते. एक्झिफमध्ये यासाठी दोन रकाने आहेत: एक मूळ फोटोच्या तारखेचा, दुसरा तो डिजिटल झाल्याच्या तारखेचा. महिना-दिवस ठाऊक नसेल तर एक्सएमपीमध्ये नुसते सालही चालते. एक जानेवारी ठोकून द्यायची गरज नाही.

पसाऱ्यातले जुळे फोटो शोधायला यंत्र दोन वाटांनी जाते. फाइली तंतोतंत सारख्या असतील तर त्यांचा ठसा काढून, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइटांचे गणित करून आलेला एक लांबलचक आकडा ताडून, काम होते. पण मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली बारकी प्रत यांचे ठसे जुळत नाहीत. तिथे डिजिकॅम फोटोला १२८ गुणिले १२८ ठिपक्यांवर आणतो, त्याची लहरींमध्ये फोड करतो आणि प्रत्येक रंगपटलातले सर्वांत ठळक चाळीस आकडे ठेवतो. एवढ्यावर तो दोन फोटोंचे साम्य टक्क्यांत सांगतो. रोहित पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ही युक्ती फार उत्साही ठरते: सेकंदाला दहाने काढलेले फोटो तिला सगळे एकच वाटतात. त्यातला चोच उघडलेला पक्षी निवडायला डोळेच हवेत.

शेवटी प्रतींचा प्रश्न. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ठाणे-कल्याण पट्ट्यातही तळमजल्यांत पाणी शिरले आणि लग्नांचे अल्बम लगदा झाले. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम अशा वेळी कामाचा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. कोपरीतल्या घराची तिसरी डिस्क डोंबिवलीच्या बहिणीकडे असावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, ती आणून प्रत्येक फाइलचा ठसा आधी लिहून ठेवलेल्या यादीशी ताडायचा. एक बाइट जरी बिघडला असेल तरी ठसा पार बदलतो. मात्र फोटोत नवे नाव किंवा तारीख लिहिली तरीही ठसा बदलतोच, तेव्हा ही यादी करायची ती चिठ्ठ्या लिहून झाल्यावर.