एकाच माणसाची किती नावं?

इथं एटापल्लीत माडिया माणूस स्वतःला 'कोयतोर' म्हणतो, म्हणजे माणूस. 'गोंड' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. आता शेजारच्या बस्तरची गंमत बघा. तिथले दंडामी नाचताना गव्याच्या शिंगांचा टोप घालतात. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्यानं १९३८ च्या पुस्तकात तेवढ्यावरून त्यांना 'बायसन हॉर्न मारिया' करून टाकलं! टोपीवरून माणसाची जात! महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत, गोंडांच्या नोंदीत, आज कोइतर, माडिया, दंडामी मारिया आणि बायसन हॉर्न मारिया अशी सगळी नावं वेगवेगळी छापलेली आहेत. दाखल्याच्या वेळी आजोबांच्या कागदावर कारकुनानं यातलं कोणतं लिहिलं, ते शोधावं लागतं. तुमच्या घरच्या कागदावर काय आहे?